गोड बोलणारी नणंद

गेली दोन वर्षं चारुशीलेची नणंद तिच्याशी गोड बोलत होती, आणि चारुशीलेनं ते खरं मानलं होतं.

"चारू, जेवलीस का गं?" मिरजेतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रोज दिवेलागणीला भिंतीवरचा पडदा उजळायचा, त्यात विभावरी दिसायची आणि हे विचारायची. मग गुडघेदुखी, भाज्यांचे भाव, सुनेची नोकरी. शेवटी "काळजी घे हं, येते," म्हणायची आणि पडदा विझायचा.

वास्तविक विभावरी ही 'जेवलीस का' विचारणारी बाई नव्हे. 'काय रांधलंस, पुन्हा ते पातळ पिठलंच ना?' असं विचारणारी. ती चारुशीलेच्या नवऱ्याची, अनंताची, थोरली बहीण. मिरजेची मुलगी इचलकरंजीला दिली, आणि तिकडं उभा जन्म काढून तिकडच्या बायकांसारखीच 'मी येतो, मी जातो, मी सांगतो' असं बोलायला लागली. मिरजेत कुणी हसलं, तर "हसा की, मी काय कुणाला भितो?" म्हणून तेच दुप्पट मोठ्यानं बोलायची.

साथीच्या आधी या नणंद-भावजयी मंगळागौरीच्या खेळांचा एक गट चालवायच्या. श्रावणातल्या मंगळवारी नऊवारी नेसून दहा-बारा बायका कुणाच्या घरी, नाहीतर एखाद्या कार्यालयात झिम्मा-फुगड्या घालायला जायच्या. अनंता आपल्या टेम्पोतून त्यांना पोचवायचा. मागच्या गोंगाटाला वैतागून त्यानंच गटाचं नाव 'कलकलाट' ठेवलं होतं. लोक खरे यायचे ते शेवटच्या पिंग्यासाठी. पिंग्यात दोघींनी कमरेत वाकून, नाकाला नाक भिडवून एकमेकींचं माहेर-सासर काढायचं असतं. इतर गट ठरलेली गाणी म्हणत. या दोघी मात्र ऐन वेळी जुळवायच्या आणि एकमेकींची अब्रू वेशीवर टांगायच्या. एरवी चारुशीला नणंदेला 'विभाताई' म्हणे, पण पिंग्यात तो जुना शब्द वापरायची, 'वन्सं'. वन्सं म्हटलं की लढाई सुरू, हे दोघींना ठाऊक होतं.

मग घोगरा आला.

डॉक्टरांनी त्या रोगाला लांबलचक नाव दिलं होतं, पण आवाज बसायचा म्हणून लोक घोगराच म्हणत. त्याचा विषाणू स्वरतंतूंच्या पातळ अस्तरात मुक्काम ठोकायचा. साध्या श्वासातून तो फारसा बाहेर पडत नसे. पण माणूस बोलतो तेव्हा स्वरतंतू एकमेकांवर आपटत असतात, आणि त्यांच्यावरचा ओलावा बारीक तुषार होऊन उडतो. आवाज जितका चढेल तितके तुषार जास्त. म्हणजे कुजबुजणारा माणूस बराचसा निर्धोक आणि गाणारा, ओरडणारा, खदाखदा हसणारा माणूस सगळ्या खोलीला घातक. बंद जागेत आवाज चढवायला बंदी आली. आजारातून उठलेल्यांचे घसेही पहिल्यासारखे राहिले नाहीत. जरा जास्त बोललं की ते सुजत. निम्म्या जगाचं पोट बोलण्यावर चालतं, ते बोलायचं कुणी, असा प्रश्न पडला.

त्यावर उत्तर निघालं ते बदलीचं. तुमची आजवरची फोनवरची सगळी बोलणी एका यंत्राला ऐकवायची. समोरच्यानं अमुक म्हटलं की तुम्ही काय म्हणाल, याचा ते अंदाज बांधायला शिकतं, आणि तो अंदाज तुमच्याच आवाजात, तुमच्याच चेहऱ्यानं बोलून दाखवतं. गिरणीत नेहमीचा कामगार आला नाही की बदली उभा करत, तशी ही, म्हणून लोक तिला बदलीच म्हणू लागले. कंपन्यांनी पुढं त्यात दोन सुधारणा केल्या. बोलण्यातला राग गाळून टाकला, कारण रागावलेला माणूस फोन ठेवतो आणि ठेवलेल्या फोनवर कुणाचा धंदा चालत नाही. आणि भाषा शुद्ध केली. सुरुवातीला बदली असली की पडद्याच्या कोपऱ्यात एक 'ब' दिसायचा. लोकांना त्यात अपमान वाटायला लागला, तेव्हा तोही काढून टाकला.

बदल्या आधी कचेऱ्यांत गेल्या, मग घरांत शिरल्या. लग्नाला बदली, बारशाला बदली, कुणी गेलं तर सांत्वनालाही बदली. नाट्यगृहातल्या खुर्च्यांवर पडदे बसवले. त्यातल्या बदल्या विनोदावर अचूक वेळी हळूच हसायच्या आणि एकही मधे उठून जायची नाही. नटमंडळींना त्या हसण्याची इतकी शिसारी आली, की शेवटी त्यांनीही स्टेजवर आपापल्या बदल्या पाठवल्या. सासू-सुनांची भांडणं मिटली, कारण बोलायला दोघीही जागेवर नसायच्या. चारुशीलेची बदली एका विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायची, आणि चारुशीला खिडकीत बसून शेंगा सोलायची. असलं शांत जग देवानं कुणाला दाखवू नये.

अनंता त्या साथीतच गेला. त्यानंतर विभावरीनं भावजयीशी बोलणंच टाकलं. वर्षभर एक शब्द नाही. आणि मग एका संध्याकाळी पडदा उजळला, 'चारू, जेवलीस का गं?' नणंदेचा राग निवळला असं समजून चारुशीला त्या दिवशी पोटभर रडली होती.

यंदा लस सगळीकडं पोचली आणि आवाजावरची बंदी उठली. आषाढात सांगलीच्या एका महिला मंडळातून धनश्रीचा फोन आला. ही धनश्री मंडळाची नवी चिटणीस, उत्साही पोर.

"काकू, श्रावणाच्या पहिल्या मंगळवारी आम्ही मंगळागौर करतोय. एकही पडदा नाही, सगळ्या जित्याजागत्या बायका. पिंग्याला तुम्ही नि विभाकाकूच पाहिजेत."

चारुशीलेच्या अंगात वीज संचारली. संध्याकाळी तिनं नणंदेला ते सांगितलं.

"तू म्हणशील तसं गं," विभावरी हसून म्हणाली.

हे ऐकून चारुशीलेला शंका आली. तिनं पडद्याजवळ जाऊन नीट पाहिलं. तोच चेहरा, तोच हनुवटीवरचा तीळ. मग तिनं कमरेत वाकून, पदर खोचून, पिंग्याच्या ठेक्यात पहिला वार केला.

"इचलकरंजीचं लुगडं, वन्सं, एका गिरकीत टरकलं गं!"

खरी विभावरी यावर चारुशीलेच्या माहेरी, थेट तासगावात घुसली असती. तिथली द्राक्षं, तिथली माणसं, चारुशीलेच्या आईचं नाक, यातलं काही शिल्लक ठेवलं नसतं.

"हो गं," पडद्यावरची विभावरी म्हणाली, "हल्ली कापड तसंच येतं. काळजी घे हं, येते."

येते! दोन वर्षं ही बाई 'येते' म्हणत होती आणि आपल्या कानांना ते खटकलं नाही, याची चारुशीलेला भयंकर लाज वाटली. बदली शिकली होती फोनवरच्या बोलण्यातून. पिंगा खेळताना दोघींचे फोन पिशवीत, पिशव्या टेम्पोत. वन्सं या शब्दाला काय उत्तर असतं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ही परतफेड होती, हेही चारुशीलेला लगेच कळलं. अनंता दवाखान्यात होता तेव्हा त्याचा आवाज पार गेला होता. टेम्पोची गिऱ्हाइकं आधीपासून त्याची बदलीच सांभाळायची. विभावरीच्या छातीत तेव्हा नुकतेच स्टेंट बसवलेले. तिला धक्का बसू नये म्हणून चारुशीलेनं संध्याकाळच्या फोनवर तीच बदली लावून दिली. 'बरा आहे ताई, घसा तेवढा बसलाय.' अनंता गेला, आणि त्यानंतरही दोन संध्याकाळी ती बदली बहिणीशी बोलत राहिली; विभावरीला खरं कळलं ते तिसऱ्या दिवशी. भावाची बदली दिलीस ना, मग घे आता नणंदेची, असा विभावरीचा हिशेब होता.

चारुशीलेच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं आपण त्या यंत्रापुढं गुडघ्यांचं रडगाणं गात बसलो! "मग माझीही घे," ती भिंतीला म्हणाली आणि दुसऱ्या संध्याकाळपासून तिनं फोनवर आपली बदली बसवली. आता दोन बदल्या एकमेकींना जेवलीस का विचारायच्या, आणि इकडं मिरजेत एक आणि तिकडं इचलकरंजीत एक अशा दोन बायका तोंडं फिरवून बसायच्या.

बदलीची एक रीत असते. आदल्या दिवशी आपल्या वतीनं काय बोलली, ते ती सकाळी मालकिणीला थोडक्यात सांगते. चारुशीला चहा पिताना स्वतःचाच चेहरा पडद्यावर बघायची आणि निम्मं ऐकायची. एका सकाळी तो चेहरा म्हणाला, "काल विभाताईंशी फार छान बोलणं झालं. यांच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल मी माफी मागितली. विभाताईंनी मनापासून माफ केलं."

चहा साडीवर सांडला. क्षणभर चारुशीलेला इतकं हलकं वाटलं, की ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग ते ओसरलं. कुणी कुणाला माफ केलं होतं? तिनं तोंडानं माफी मागितली नव्हती, विभावरीनं दिली नव्हती, आणि तरी सगळं आटोपलं होतं. तिच्या संसारातली सगळ्यात मोठी गोष्ट दोन यंत्रांनी गप्पांच्या ओघात मिटवून टाकली होती. तिला अनंतासाठी वाईट वाटलं, आणि नणंदेसाठीही, आणि राग तर असा आला, की तो कुणावर काढावा हेच कळेना.

मग तिला सुचलं. विभावरीही सकाळी चहा पिताना बदलीचं ऐकत असणारच.

"आज विभाताईंना एवढं सांग," ती आपल्या बदलीला म्हणाली. "त्यांनी दिलेली माफी पोचली. आणि त्यांनी मला माफ केलं, हे मी कलकलाटमधल्या सगळ्या बायकांना कळवलंय."

बायकांना तिनं काही कळवलं नव्हतं. पण नणंदेला ती तीस वर्षं ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळेला दाराची घंटा वाजली ती थांबेचना. चारुशीलेनं दार उघडलं. तीन जिने चढून धापा टाकत विभावरी उभी होती. केस पांढरेफटक, खांद्याला पिशवी, डोळ्यांत जाळ.

"दिलेली माफी परत न्यायला आलोय मी."

'आलोय.' तो एक शब्द ऐकून चारुशीलेचे डोळे भरून आले. पण रडायची ही वेळ नव्हती.

"आत या. बसा."

"बसायला आलो नाही. कुणी सांगितलं तुला, मी माफ केलं म्हणून?"

"तुम्हीच."

"माझं तोंड बघितलंस का तू तीन वर्षांत?"

"रोज बघत होते की. जेवलीस का विचारत होतं!"

"आणि गावभर सांगितलंस? माझ्या भावाच्या मढ्यावर पांघरूण घातलंस, आणि वर मी हसून बरं म्हटलं असं चार बायकांना सांगितलंस?"

"तुमच्या छातीत स्टेंट होते! तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं! माझा भाऊ होता तो, मी काय मेलो असतो ते मेलो असतो! तू कोण ठरवणारी?"

आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला. समोरचं दार किलकिलं झालं आणि शेजारचे जोगळेकर कुजबुजत म्हणाले, "जरा हळू बोलता का? सवय नाही राहिली हो."

"भांडतोय आम्ही, दिसत नाही?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि दार पटकन लागलं.

विभावरी तेव्हा आत आली. घसा बसत चालला होता तिचा. चारुशीलेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तोंड फिरवलं, ठसका लागला, मग हिसकावून घेऊन घटाघटा प्यायली. "पाणीसुद्धा कोमट देतीस," म्हणाली.

एकमेकींवर तीन वर्षांचं साठलेलं फेकता फेकता घरात अंधारून आलं, फोनवर आपली बदली बसवायचं चारुशीलेच्या ध्यानात राहिलं नाही, आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

"चारू, जेवलीस का गं?"

खरी विभावरी चमकून वळली. पडद्यातली विभावरी प्रेमळ हसत होती.

"ही कोण?"

"तुम्ही."

विभावरी पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. तिनं आपली बदली कधी पाहिलीच नव्हती. सुनेकडून लावून घेतली होती आणि सकाळी नुसता आवाज ऐकायची. "काय गं ए," ती पडद्याला म्हणाली, "लाज नाही वाटत माझं तोंड घेऊन फिरायला?"

"अगं, खरंच चुकलं माझं," पडद्यातली म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस हं."

"सटवे, भवाने, माझ्या भावाचा सौदा केलास तू!"

"तुझं दुःख मला समजतं गं. थोडी विश्रांती घे."

विभावरीनं आणखी दोन-चार शिव्या घातल्या, अगदी ठेवणीतल्या. त्या सगळ्या जाऊन जणू कापसात पडल्या. मग ती हळूहळू खाली बसली, सतरंजीवर, पाय पसरून.

"चारू," ती म्हणाली, "त्या शेवटच्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं होतं, शेवयाची खीर केलीय, बरा होऊन ये मुकाट्यानं, नाहीतर कुत्र्याला घालीन. तर म्हणाला, 'ठेव ताई माझ्यासाठी.' मी झाकून ठेवली."

चारुशीला तिच्याशेजारी सतरंजीवर बसली.

"माझा भाऊ असं बोलला असता होय? 'घाल कुत्र्याला, त्यालाच गोड लागेल तुझी खीर,' असं म्हणाला असता. लहानपणापासून असंच बोलला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण गोड बोलला म्हणून खूश झालो मी. मेलेल्या भावासाठी खीर झाकून ठेवली नि खूश होऊन झोपलो."

"पहिल्या दिवशी मी तुमच्यासाठीच लावली होती," चारुशीला म्हणाली. "हे गेल्यावर मात्र नाही. हे गेल्यावर बंद करायला हात गेला होता माझा. पण तुमचा फोन आला आणि यांचा आवाज आला. दारामागं बसून ऐकत होते मी. दुसऱ्या दिवशीही त्यासाठीच चालू ठेवली. तुमच्या छातीचा मी विचारसुद्धा केला नाही, विभाताई. मला ऐकायचं होतं."

पडद्यातली विभावरी म्हणाली, "किती सुंदर बोललीस गं."

"तू गप्प बस!" विभावरीनं उठून पडद्याची वायरच उपटली. भिंत काळी झाली. ती चारुशीलेकडं वळली तेव्हा तिचा चेहरा निवळलेला नव्हता, उलट जास्तच पेटला होता.

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

"कुणाला बोलू? तुम्ही वर्षभर फोन उचलला नाही, आणि पुढं ही सटवी पाठवलीत!"

"माझ्या दारात येऊन बोलायचं! मी हाकलून दिलं असतं, परत यायचं! ऐकत बसली म्हणे दारामागं. मला नाही ऐकायचा होता त्याचा आवाज? मी तर फसलो. तू जाणूनबुजून ऐकलास. माफ नाही करणार मी तुला. कळलं? मरेपर्यंत नाही करणार."

"नका करू. मी मागितलीय कुठं?"

"मागू पण नकोस."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली, चपला शोधल्या, उंबऱ्यात थांबली.

"जातो."

निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही, शत्रूच्या घरातून निघतानाही नाही. एक जिना, दुसरा जिना, दुखऱ्या गुडघ्यांची ती पावलं खाली खाली जाताना चारुशीला दारातच उभी राहून ऐकत राहिली. आता ही पुन्हा येणार नाही, असं तिला वाटलं. मग तिनं कठड्यावर ओणवं होऊन, होता नव्हता तेवढा घसा ताणून हाक मारली.

"वन्सं!"

पावलं थांबली.

"इचलकरंजीचं लुगडं, वन्सं, एका गिरकीत टरकलं गं!"

मग त्या फाटक्या, सुजलेल्या घशातून अशी आरोळी आली, की मजल्यामजल्यावरची दारं उघडली.

"मंगळवारी येतो सांगलीला! सगळ्या बायकांच्या देखत तुझं माहेर काढायला येतो!"